मदत हवी आहे: वसईला होणाऱ्या सासरी नाताळची काय भेट न्यावी?

मंडळी, मी कोल्हापूरची. लग्न ठरलंय, मुलगा वसईचा, कॅथलिक. २५ डिसेंबरला पहिल्यांदाच त्यांच्या घरी जातेय. केक नेणार नाही, तो त्यांच्याकडे घरीच होतो. मला आपल्या मातीतलं काहीतरी द्यायचंय. धाकट्या नणंदेला हुपरीचे चांदीचे पैंजण घेतले. गुऱ्हाळं सुरूच आहेत, तेव्हा सासूबाईंसाठी ताजा गूळ आणि काकवी. अडलंय ते आजींपाशी. कोल्हापुरी चप्पल घ्यावी तर नवं कातडं सुरुवातीला चावतं, ऐंशीतल्या पायांना तो त्रास नको. सासऱ्यांना चालेल ना, की पहिल्याच भेटीत पायताण देणं बरं दिसत नाही? आजींसाठी काय घेऊ? दोघांचं मिळून ३,००० रुपयांत बसवायचंय. कृपया सुचवा.