कॅमकॉर्डरची डिस्क रिकामी दिसते त्याबद्दल

कॅमकॉर्डरची छोटी डीव्हीडी कॉम्प्युटरवर रिकामी दिसते म्हणताय, म्हणजे बहुतेक ती फायनलाइज (इतर यंत्रांना वाचता यावी म्हणून रेकॉर्डिंगनंतर डिस्क पक्की बंद करणं) केलेली नाही. ज्या कॅमेऱ्यात शूटिंग केलं त्यातच, चार्जर लावून, मेन्यूतून फायनलाइज करा. मधेच बॅटरी गेली तर पंचाईत. कॅमेराच बंद पडला असेल तर आयसोबस्टर हे डिस्कवरचा डेटा परत मिळवायचं सॉफ्टवेअर वापरून बघा.

एकदा व्हीओबी फायली (डीव्हीडीवरचा व्हिडिओ यांतच असतो) दिसल्या की अर्धं काम झालं, व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये त्या तशाच चालतात. एमपी४ हवी असेल तर हँडब्रेक या व्हिडिओ बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरला सुटी फाइल न देता अख्खा फोल्डर द्या. त्यातली डीइंटरलेस (एकाआड एक ओळींत साठवलेलं चित्र सलग करणारी) सेटिंग चालू ठेवा, नाहीतर हलणाऱ्या हातापायांच्या कडांना कंगव्यासारखे दाते दिसतात.

आणि हो, ८ सेंमीची डिस्क फटीतून सरकवायच्या ड्राइव्हमध्ये अजिबात घालू नका, अडकून बसते. ट्रेवालाच घ्या.