शब्दचर्चा : 'इमोबिलाइज्ड' शैवालाला मराठीत काय म्हणावं?

निवडुंग : हिरव्या शैवालापासून हायड्रोजन इंधन मिळवण्याबद्दल लेख लिहितोय. 'इमोबिलाइज्ड' (मोकळ्या न सोडता एका जागी बसवलेल्या) पेशींना 'स्थिरीकृत' म्हटलं, तर पहिल्याच वाचकाने विचारलं, "म्हणजे नत्र स्थिरीकरण करणारं शैवाल ना?" दुसरा शब्द सुचवा.

बांधावरून : वाचकाचं काय चुकलं? भातखाचरात निळं-हिरवं शैवाल सोडतात ते नत्र स्थिरीकरणासाठीच. त्यातून ते शैवाल नत्र स्थिर करताना थोडा हायड्रोजनही सोडतं, म्हणजे घोळ पक्का. आमच्याकडे शेळ्या रानात न सोडता गोठ्यात पाळल्या की 'बंदिस्त शेळीपालन' म्हणतात. 'बंदिस्त शैवाल' कसं वाटतं?

परीक्षानळी : झकास, पण अडचण आहे. हायड्रोजन गोळा करायचा तर भांडं हवाबंदच लागतं. मग त्यात मोकळं तरंगणारं शैवालही बंदिस्तच झालं.

मुळात काय करतात ते बघू. या प्रयोगांतलं नेहमीचं शैवाल म्हणजे क्लॅमिडोमोनस. एकपेशीय, दोन कशाभिकांनी (शेपटीसारख्या तंतूंनी) पोहणारं. शैवाल उजेडात हायड्रोजन सोडतं हे गॅफ्रॉन आणि रुबिन यांनी १९४२ मध्येच दाखवलं होतं (त्यांचं शैवाल वेगळं, सीनडेस्मस). पण हायड्रोजन बनवणारं विकर (एन्झाइम), हायड्रोजनेज, ऑक्सिजन लागला की बंद पडतं, आणि प्रकाशसंश्लेषणात ऑक्सिजन तर निघतोच! २००० मध्ये मेलिस आणि सहकाऱ्यांनी पेशींना मिळणारं गंधक बंद केलं. गंधकाविना प्रकाशसंश्लेषणाच्या यंत्रणेची डागडुजी थांबते, ऑक्सिजन कमी निघतो, जो निघतो तो श्वसनातच संपतो. मग काही दिवस हायड्रोजन मिळतो.

आता गंधक काढायचं म्हणजे पेशी गाळून-धुऊन नव्या द्रावणात घालायच्या. वैतागवाणं काम. पेशी काचतंतूंवर किंवा अल्जिनेट नावाच्या जेलच्या पातळ थरात बसवल्या, की नुसतं द्रावण बदललं तरी भागतं. अल्जिनेटमधून ऑक्सिजन आत शिरायलाही वेळ लागतो, हा वरचा फायदा.

उंबरठा : मग 'जेलबद्ध' म्हणा.

परीक्षानळी : काचतंतू जेल नव्हेत. मी 'आधारबद्ध' म्हणेन. पेशी कशाच्या तरी आधाराला धरून आहेत, एवढंच त्यातून कळतं, आणि तेवढंच हवंय. 'निश्चल' नको, मेल्यासारखं वाटतं. पोहणं थांबतं, बाकी पेशी चांगल्या जिवंत असतात.

बांधावरून : 'आधारबद्ध' म्हटल्यावर मला आधार कार्डच आठवलं.

निवडुंग : 😄 तरी घेतो. पहिल्या उल्लेखात 'अल्जिनेटच्या थरात बसवलेल्या पेशी' असं सरळ लिहीन, पुढे 'आधारबद्ध'. अल्जिनेटला मात्र 'खळ' म्हणावं का?

परीक्षानळी : नको, खळ पिठाची. हे तपकिरी समुद्री शैवालातून काढतात आणि कॅल्शियमने घट्ट करतात. द्रावणात फॉस्फेट जास्त असेल तर ते कॅल्शियम ओढून घेतं आणि थर सुटायला लागतो, हेही लेखात टाका. 'अल्जिनेट'च राहू द्या.