मदत हवी आहे : स्कूबा डायव्हिंगसाठी नंबरचा मास्क घ्यावा की कॉन्टॅक्ट लेन्स?

नमस्कार.

स्कूबा डायव्हिंगचे प्राथमिक प्रशिक्षण मी लवकरच सुरू करणार आहे. पाण्याखाली नीट दिसण्यासाठी कोणता मार्ग निवडावा, याबाबत जाणकारांचा सल्ला हवा आहे. माझा उजव्या डोळ्याचा नंबर −४.५० असून सिलिंड्रिकल (डोळ्याची वक्रता सगळ्या दिशांना सारखी नसल्यामुळे लागणारा नंबर) −०.७५ आहे; डाव्याचा −५.०० आणि सिलिंड्रिकल −२.२५. शिवाय अलीकडेच चाळिशीचा +१.२५ नंबर लागला आहे.

चष्म्यावर मास्क घालता येत नाही, कारण चष्म्याच्या काड्या मास्कच्या सिलिकॉनच्या कडेखालून जातात आणि तेवढ्या फटीतूनही पाणी आत येत राहते. सपाट काचेतून पाहताना पाण्यातल्या वस्तू सुमारे एक तृतीयांशाने मोठ्या आणि एक चतुर्थांशाने जवळ भासतात, त्यामुळे पाण्यात चष्म्याची गरजच पडत नाही, असे मला काहींनी सांगितले. कमी नंबर असणाऱ्यांचे तेवढ्यावर भागतही असेल. परंतु चष्म्याविना मला वीस-बावीस सेंटिमीटरच्या पुढचे सगळेच अस्पष्ट दिसते, आणि बडीने, म्हणजे जोडीच्या डायव्हरने, चार मीटरवरून हाताने केलेली खूण ओळखता आली नाही तर प्रश्न थेट सुरक्षिततेचा होतो.

काही मास्कमध्ये मूळ काचा काढून तयार नंबरची भिंगे बसवता येतात. ती बहुधा अर्ध्या नंबरच्या टप्प्यांनी मिळतात आणि त्यांत सिलिंड्रिकल नंबर नसतो. त्यासाठी सिलिंड्रिकलचा निम्मा नंबर मुख्य नंबरात मिळवावा, असे वाचले; त्या हिशेबाने मला उजवीकडे −५.०० आणि डावीकडे −६.०० घ्यावे लागेल. दुसरा मार्ग म्हणजे पूर्ण नंबरची भिंगे घडवून ती मास्कच्या काचेला आतून चिकटवून घेणे. तिसरा मार्ग सिलिंड्रिकल नंबरच्या मऊ कॉन्टॅक्ट लेन्सचा. पण प्रशिक्षणात पाण्याखाली मास्क काढून पुन्हा घालावा लागतो, आणि त्या वेळी लेन्स वाहून जाण्याची व डोळ्याला संसर्ग होण्याची मला धास्ती वाटते.

डाव्या डोळ्याचा २.२५ सिलिंड्रिकल नंबर तयार भिंगांच्या तडजोडीत निभावेल का, आणि प्रेशर गेजवरचे (टाकीतील हवेचा दाब दाखवणाऱ्या मापकावरचे) आकडे वाचण्यासाठी चाळिशीच्या नंबरची वेगळी सोय करावी लागेल का, हे मुख्यतः जाणून घ्यायचे आहे. शस्त्रक्रियेचा विचार सध्या नाही, त्यामुळे चर्चा त्या दिशेने नेऊ नये, ही विनंती.

प्रतिसाद

मी ऑप्टोमेट्रिस्ट (डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढणारी) आहे आणि स्वतःही डायव्हिंग करते. तुमचा हिशेब बरोबर आहे, उजव्या डोळ्याला तयार भिंग चालून जाईल. डाव्याबाबत मात्र मी सावध राहीन. निम्मा नंबर मिळवल्याने सरासरी जुळते, पण एका दिशेच्या रेषांसाठी साधारण एक नंबर जास्त आणि तिच्या काटकोनातल्या रेषांसाठी तेवढाच कमी पडतो. ठळक आकृती ओळखू येते. बारीक ३ आणि ८ यांच्यात मात्र गफलत होऊ शकते. मास्क घेण्यापूर्वी तुमच्या ऑप्टोमेट्रिस्टकडे जाऊन ट्रायल फ्रेममध्ये (नंबर तपासताना घालतात त्या चौकटीत) फक्त −५.०० आणि −६.०० ही साधी भिंगे घालायला सांगा, समोरचा तक्ता पाहा आणि मग शक्य असल्यास खराखुरा गेज हातभर अंतरावर धरून वाचा. दहा मिनिटांत निकाल कळेल.

चाळिशीचा त्रास पाण्याखाली वाढतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. ५० सेंटिमीटरवर धरलेला गेज पाण्यात साधारण ३८ सेंटिमीटरवर असल्यासारखा भासतो, म्हणजे डोळ्याला अर्ध्या नंबरपेक्षा जास्त जोर अधिक लावावा लागतो. कॉन्टॅक्ट लेन्समध्ये त्यात आणखी थोडी भर पडते, कारण उणे नंबरच्या चष्म्यातून जवळचे वाचताना मिळणारी किंचित सवलत तिथे मिळत नाही. उलट मास्कची काच चष्म्यापेक्षा डोळ्यापासून दूर असते आणि तिथे उणे भिंगाचा परिणाम कमी होतो : १२ मिलिमीटरवर मोजलेला −६.०० नंबर २५ मिलिमीटरवर नेला, तर पूर्ण दुरुस्तीसाठी सुमारे −६.५० लागेल. तुमच्या बाबतीत ही थोडीशी उणीव तशीच राहू द्यावी. पाण्यात क्षितिजापर्यंत पाहायचे नसते आणि जवळचे वाचायला तिची मदतच होते. एकंदरीत मी तुम्हाला पूर्ण नंबरची चिकटवलेली भिंगे आणि त्यांच्या खालच्या भागात वाचनाचा छोटा तुकडा, हाच पर्याय सुचवेन.

प्रतिसाद

प्रशिक्षक या नात्याने कॉन्टॅक्ट लेन्सबद्दल लिहितो. मऊ लेन्स लावून डायव्हिंग करणारे पुष्कळ जण आहेत. जुन्या पद्धतीच्या, वायू आरपार जाऊ न देणाऱ्या कडक लेन्स मात्र टाळाव्यात, कारण वर येताना त्यांच्याखाली बुडबुडे अडकून डोळ्याच्या पारदर्शक पटलाला सूज येऊ शकते. तुमची धास्ती अनाठायी नाही : पाण्यातील अकॅन्थामीबासारखे जीव लेन्सखाली अडकले तर गंभीर संसर्ग होतो. म्हणूनच लेन्स वापरायच्याच असतील तर एका दिवसाच्या वापराच्या घ्याव्यात आणि पाण्याबाहेर आल्यावर काढून फेकून द्याव्यात. नंतर डोळा लाल झाला, दुखू लागला किंवा उजेड सहन होईना, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.

मास्क काढण्याच्या सरावापूर्वी लेन्स लावल्याचे प्रशिक्षकाला जरूर सांगा. डोळे मिटून मास्क काढा, पुन्हा घाला, नाकाने हवा सोडून पाणी बाहेर काढा आणि मगच डोळे उघडा. मास्कविना स्पष्ट दिसणार नाही, याचे दडपण घेऊ नका. डोळ्याच्या पारदर्शक पटलाची सुमारे ४३ डायॉप्टरची (म्हणजे ४३ नंबरची) शक्ती पाण्यात जवळजवळ नाहीशी होते, त्यामुळे तिथे चष्मा नसलेल्यांनाही धूसरच दिसते.

भिंगांवर खर्च करण्याआधी मास्क चेहऱ्याला बसतो का, ते पाहा. पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलका श्वास आत घ्या आणि हात सोडा; मास्क जागेवर टिकला तरच पुढची चौकशी करा. भिंगे चिकटवल्यावर धुके धरू नये म्हणून आतून टूथपेस्ट घासणे किंवा काच ज्योतीवर धरणे हे प्रकार कटाक्षाने टाळा, कारण प्लास्टिकच्या भिंगावर ओरखडे उठतात आणि उष्णतेने चिकटवण खराब होऊ शकते. मास्क हरवला वा तडकला तर ऐनवेळी तुमच्या नंबरचा दुसरा मिळणार नाही, तेव्हा तयार भिंगांचा एक जादा मास्क सोबत ठेवा.