ऑटिझमवर मुळातून औषध का येत नाही?

मुलुंडची आई: मुलगा ६ वर्षांचा, ऑटिझम आहे. रिस्पेरिडोन सुरू केलंय पण डॉक्टर म्हणाले हे फक्त चिडचिड कमी करायला, आज परळहून येताना लोकलमध्ये हेच डोक्यात, मुळावर औषध कधी येणार हो?

दादरकर: ताई, ब्युमेटानाइड या औषधाकडून केवढी आशा होती, पण मोठ्या ट्रायलमध्ये प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा) सरस ठरलं नाही, २०२१ला थांबवलं. ऑटिझममागचं कारण मुलागणिक वेगळं, सगळ्यांना एकच गोळी कशी लागू पडणार?

ठाण्याची मावशी: माझ्या भाचीला रेट सिंड्रोम आहे, म्हणजे मेंदूच्या वाढीवर परिणाम करणारा जनुकीय आजार, काही लक्षणं ऑटिझमसारखीच. त्यात बहुतेकांचं जनुक ठाऊक आहे, एमईसीपी२. २०२३ला अमेरिकेत ट्रोफिनेटाइड मंजूर झालं तेव्हा आम्ही रडलो होतो, पूर्ण बरं करत नाही, जुलाबही होतात, तरी पहिलं औषध ते. तुम्ही जेनेटिक टेस्ट केलीत का? आणि स्पीच थेरपी सोडू नका प्लीज.

मुलुंडची आई: टेस्ट नाही केली अजून. उद्याच विचारते.