आपलाच धर्म अधिक खरा का वाटतो? नाशिककरांनो, आपले अनुभव लिहा

पंचवटीकर

सिंहस्थाच्या तयारीची चर्चा सुरू झाली आणि 2003 सालचा सिंहस्थ आठवला. त्या वेळी मी महाविद्यालयात होतो आणि तपोवनातील साधुग्रामात पाणीवाटपाला जात असे. तेथे एका वैष्णव साधूंनी मला समजावून सांगितले की अमृताचा थेंब रामकुंडातच पडला, म्हणून खरे स्नान येथलेच. त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्र्यंबकेश्वरला गेलो असता एका शैव संन्याशांनी तितक्याच शांतपणे तोच दावा कुशावर्ताविषयी केला. वैष्णव आखाड्यांनी रामकुंडात आणि शैव आखाड्यांनी कुशावर्तात स्नान करायचे, ही वाटणी जुनी आहे आणि तिच्यामागे भांडणांचा इतिहास आहे, हे मला पुढे कळले. दोघेही एकाच धर्माचे, दोघेही विद्वान, दोघांच्याही बोलण्यात द्वेषाचा लवलेश नव्हता; तरीही आपले तेच खरे, याविषयी दोघांच्याही मनात शंका नव्हती.

घरी येऊन हे वडिलांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "आपल्याकडे सगळे मार्ग मान्य आहेत, म्हणून तर आपला धर्म सर्वांत श्रेष्ठ." हे वाक्य उच्चारताना त्यात काही विसंगती आहे, असे त्यांना मुळीच जाणवले नाही. गीतेच्या नवव्या अध्यायातही इतर देवतांचे श्रद्धावान भक्त माझेच पूजन करतात, मात्र ते विधिपूर्वक नसते, असे भगवंत सांगतात. म्हणजे दार सर्वांना उघडे आहे, पण घर आपले आहे. आपापल्या घरी हे कसे घडते, ते ऐकण्याची इच्छा आहे. कोणाचा धर्म खरा, हा वाद मात्र येथे नको.

म्हसरूळचा

पंचवटीकर, आपल्या वडिलांचे वाक्य आमच्याकडे अनेकांतवादाच्या नावाने ऐकू येते. प्रत्येक दृष्टिकोन अंशतःच खरा असतो, ही जैन दर्शनाची शिकवण मला मनापासून पटते. परंतु ती सांगताना आमच्या काकांच्या चेहऱ्यावर जो विजयाचा भाव येतो, तो पाहिला की हा एक दृष्टिकोन तेवढा पूर्णतः खरा आहे, असे त्यांना म्हणायचे असते हे लक्षात येते. गजपंथ या जैन तीर्थाच्या पायऱ्या चढताना दिगंबर आणि श्वेतांबर यांच्यातील मतभेदांवर त्यांचे जे विवेचन चालते, त्याविषयी न लिहिणेच बरे.

शरणपूर रोड

आम्ही मराठी ख्रिस्ती. शरणपूरला एकोणिसाव्या शतकात मिशनची वस्ती झाली, त्या काळापासून आमचे घराणे येथे आहे. "आपल्या पूर्वजांनी धर्म विचारपूर्वक निवडला, इतरांना तो जन्माने मिळाला," असे आजोबा अभिमानाने सांगत. मला मात्र तो जन्मानेच मिळाला, हे त्यांना कधी सुचले नाही, आणि विचारण्याचे धाडस मला झाले नाही. "मार्ग, सत्य व जीवन मीच आहे," हे योहानाच्या शुभवर्तमानातील वचन रविवारच्या शाळेत पाठ केले, तेव्हा त्याचा अर्थ इतरांचे मार्ग चुकीचे असा होतो की नाही, हा विचार त्या वयात कोण करणार? अर्थाच्या कितीतरी आधी ते वचन आवाजासकट मनात बसले होते.

खरा अनुभव फेब्रुवारीतील बाल येशूच्या यात्रेचा. नाशिकरोडला त्या वेळी हिंदू बायका मोठ्या संख्येने मेणबत्त्या घेऊन येतात. माझी मावशी त्यांच्याकडे पाहून म्हणत असे, "बघ, शेवटी सगळ्यांना येथेच यावे लागते." आमच्या शेजारच्या वहिनीही दर वर्षी येत. त्यांच्या लेखी देव्हाऱ्यातल्या देवांत आणखी एका जागृत देवाची भर पडली होती, आणि कोणताही देव सामावून घेता येतो हा त्यांच्या धर्माचा मोठेपणा त्यामुळे सिद्ध होत होता. एकच रांग, एकच मेणबत्ती, आणि दोघींचीही आपापल्या धर्मावरील श्रद्धा दृढ होऊन त्या घरी परतत. माझी आजी प्रॉटेस्टंट असल्यामुळे तिला मूर्तीपुढे मेणबत्ती लावणेच मान्य नव्हते. तिच्या मते दोघीही चुकत होत्या.

मिसळप्रेमी

ज्या नाशकात खरी मिसळ कोणती, यावर दोन सख्ख्या भावांचे एकमत होत नाही, तेथे खरा धर्म कोणता, हा प्रश्न विचारणाऱ्या पंचवटीकरांच्या धैर्याला माझा नमस्कार.

शरणपूर रोड

दादा, मिसळ दोन्हीकडची खाऊन पाहता येते. दोन धर्म आतून जगून पाहिलेला माणूस विरळा. जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक अशांपैकी एक होत्या. पतीने 1895 साली बाप्तिस्मा घेतला, तरी त्यांनी लगेच घेतला नाही. मध्ये काही वर्षे गेली आणि त्या आपल्या पायांनी चालत तेथवर पोहोचल्या.

त्रिरश्मी

येथवरची चर्चा वाचून असे वाटले की "अधिक खरा" म्हणजे ईश्वर, अमृत आणि मोक्ष यांविषयीचे अधिक बरोबर उत्तर, असे सर्वांनी गृहीत धरले आहे. आमच्या घरात या शब्दांना वेगळे वजन आहे. 2 मार्च 1930 रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा माझे पणजोबा त्यात होते. वर्षानुवर्षे चाललेल्या त्या लढ्यातही दार उघडले नाही. पुढे 13 ऑक्टोबर 1935 रोजी बाबासाहेबांनी येवल्यात हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली आणि 1956 साली नागपूरला धम्मदीक्षा झाली. पणजोबांना कोणी धम्म खरा कशावरून, असे विचारले असते, तर त्यांनी निर्वाणाची चर्चा केली नसती. येथे मला माणूस म्हणून उभे राहता येते, एवढेच सांगितले असते. ज्याला दाराबाहेर ठेवले गेले, त्याच्या दृष्टीने आतल्या तत्त्वज्ञानाची उंची हा पुरावा ठरत नाही.

त्याचबरोबर आमच्यातील एक गोष्टही लिहायला हवी. परंपरेने सांगितले, ग्रंथात आहे किंवा गुरू म्हणतात म्हणून काही स्वीकारू नका, असे बुद्धांनी कालाम नावाच्या लोकांना सांगितले होते. या उपदेशाचा दाखला देऊन आमचे काही तरुण नातेवाईक इतरांच्या श्रद्धांची टिंगल करतात. मात्र तो उपदेश त्यांनी वडिलांकडून ऐकून, न तपासताच स्वीकारलेला असतो.

इतिहासाचे मास्तर

आपण टोपणनाव त्रिरश्मी, म्हणजे पांडवलेण्यांच्या डोंगराचे जुने नाव, घेतले आहे, म्हणून तेथील शिलालेखांविषयी लिहिण्याचा मोह आवरत नाही. पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. बौद्ध भिक्षूंसाठी लेणे कोरविणारा हा दाता त्याच लेखात तीन लाख गायी दान दिल्याचे, देवांना आणि ब्राह्मणांना सोळा गावे दिल्याचे आणि वर्षभर एक लाख ब्राह्मणांना भोजन घातल्याचे अभिमानाने नोंदवितो. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्री आपल्या मुलाचा, गौतमीपुत्र सातकर्णीचा, अद्वितीय ब्राह्मण म्हणून गौरव करते, आणि ते लेणे मात्र भद्रयानीय या बौद्ध पंथाच्या भिक्षूंना दान देते.

विद्यार्थी हे ऐकून लगेच म्हणतात की त्या काळी सर्वधर्मसमभाव होता. मी त्यांना थांबवितो. दान देणे हे पुण्याचे आणि सत्तेचेही काम होते. दात्याला मनातून काय अधिक खरे वाटत होते, हे दगडावर लिहिलेले नाही. अशोकाने बाराव्या शिलालेखात असे बजावले आहे की जो आपल्या पंथाची अवास्तव स्तुती आणि दुसऱ्याच्या पंथाची निंदा करतो, तो आपल्याच पंथाची हानी करतो. राजाला ही आज्ञा खडकावर कोरून घ्यावी लागली, यावरून ती सवय तेव्हाही किती पसरलेली असावी, याची कल्पना करता येते.

जुन्या नाशकातली

स्वयंपाक करता करता लिहीत आहे, तेव्हा विस्कळीतपणा चालवून घ्यावा. माझा मुलगा लहानपणी आजारी पडला होता. रुग्णालयात शेजारच्या खाटेवर एका मराठा कुटुंबाची मुलगी होती. तिच्या आईने सप्तशृंगीला नवस बोलला होता आणि मी दुआ मागत होते. दोन्ही मुले बरी झाली. त्या ताई वणीला जाऊन आल्या, मी खैरात केली, आणि आपलीच हाक ऐकली गेली, याविषयी दोघींपैकी कोणालाही शंका उरली नाही. डॉक्टरांचे आभार दोघींनीही मानले, पण जरा घाईनेच. दुआ कबूल झाली नसती, तर अल्लाहने अधिक चांगले काही योजले असेल, असे मी म्हटले असते, आणि त्या ताईंनी देवीची इच्छा असे म्हटले असते. मग आमची श्रद्धा चुकीची ठरण्याची वेळ येणार तरी कधी, हा प्रश्न मला त्यानंतर अनेकदा पडला आहे. माझी नमाज त्यामुळे सुटलेली नाही.

दुसरी गोष्ट कार्यालयातील. एखादी वाईट बातमी आली की सहकारी माझ्याकडे पाहतात आणि तुमच्या धर्मात असे का, म्हणून विचारतात. त्यांच्या धर्माविषयी बोलताना मात्र ज्ञानेश्वर आणि तुकाराम पुढे येतात. म्हणजे माझ्या धर्माची परीक्षा वर्तमानपत्रावरून आणि त्यांच्या धर्माची संतांवरून! आमच्या घरीही हेच उलट्या बाजूने चालते, हे मान्य करायला हवे. आपले म्हटले की पैगंबरांचे चरित्र, आणि दुसऱ्याचे म्हटले की गल्लीतला मंडळाचा लाउडस्पीकर. शिवाय माझी सासू दर गुरुवारी बड्या दर्ग्यात जाते आणि माझा दीर ते इस्लामला धरून नाही, असे ऐकवतो. तेव्हा पंचवटीकरांच्या त्या दोन साधूंना आमच्या ओट्यावरही जागा आहे.

इतिहासाचे मास्तर

ताई, आपण जे दोन मापांचे लिहिले आहे, ते एकनाथांनी हिंदू-तुर्क संवादात नेमके पकडले आहे. तेथे हिंदू तुर्काच्या आचारावर बोट ठेवतो, तुर्क पुराणकथांतील देवांच्या अडचणीच्या गोष्टी उकरून काढतो, आणि दोघेही स्वतःच्या बाजूचा तेवढा गूढार्थ सांगतात. एकनाथांनी तुर्काच्या तोंडी दुबळे मुद्दे घातलेले नाहीत. शेवटी दोघे एकमेकांना आलिंगन देतात, परंतु त्यापूर्वीचे भांडण खरेखुरे आहे.

निरीश्वर सिडको

एवढ्या विवेचनाची गरज काय? माणूस जेथे जन्मतो, तेथला धर्म त्याला खरा वाटतो. आपल्यापैकी बहुतेक जण जेद्दाहमध्ये जन्मले असते, तर आज वेगळाच धागा लिहीत असते.

त्रिरश्मी

हे बहुतांश खरे आहे, पण लाखो लोकांनी जन्माने मिळालेला धर्म सोडला, तो कसा, हे त्यातून समजत नाही. शिवाय एखादे मत आपल्याला कोठून मिळाले, यावरून ते खरे की खोटे हे ठरत नाही. आपले वडीलही निरीश्वरवादी होते, असे आपणच मागे एकदा लिहिले होते.

निरीश्वर सिडको

होते. मुद्दा मान्य, परंतु निम्माच.

पौषवारी

आमच्या घरी पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबकेश्वरला पायी जाण्याची परंपरा आहे. इतरांचे अनुभव वाचले आणि जाणवले की माझा धर्म दुसऱ्यापेक्षा खरा आहे, असे मी कधी ठरविलेच नाही, कारण तुलना करण्यासाठी बाहेर उभे राहावे लागते आणि दिंडीत चालणारा बाहेर नसतो. हरिपाठाची चाल कानावर पडली की आजी, गावातली पहाट आणि थंडीत मिळालेला चहा एकदम आठवतो, आणि ज्यात एवढे आयुष्य मिसळले आहे ते खोटे असेल, असे मन मानत नाही. हा पुरावा नव्हे, हे मला कळते. दुसऱ्याच्या प्रार्थनेत मात्र मला फक्त शब्द ऐकू येतात, आणि नुसते शब्द तपासणे फार सोपे असते.

जुन्या नाशकातली

भाऊ, फजरच्या अजानविषयी मला अगदी हेच लिहायचे होते, पण पोळी करपली.

शरणपूर रोड

मास्तर, ते दहाव्या लेण्यातील लेख साध्या डोळ्यांनी वाचता येतात का? भाचे सुट्टीत आले आहेत.

इतिहासाचे मास्तर

अक्षरे दिसतात, ती ब्राह्मी असल्यामुळे वाचण्यासाठी थोडा सराव लागेल. सकाळी लवकर चढा आणि वऱ्हांड्यात छताखालच्या ओळी पाहा. भाच्यांना आधी लेणे कोणासाठी कोरले ते सांगा, मग गायी कोणाला दिल्या ते सांगा, आणि उषवदाताचा धर्म कोणता असावा हे त्यांनाच ठरवू द्या. माझ्या वर्गात यावरून दर वर्षी दोन तट पडतात.