ससा लावून केलेला विक्रम: एकाच वहीत लिहायचा का?

चौथी लेन

परवा झोप येईना म्हणून झ्युरिचच्या वार्षिक ॲथलेटिक्स मीटची जुनी क्लिप लावली. लेत्झीग्रुंड स्टेडियम, १३ ऑगस्ट १९९७. एका संध्याकाळी तीन जागतिक विक्रम: विल्सन किपकेटर ८०० मीटर १:४१.२४, हाइले गेब्रसेलासी ५००० मीटर १२:४१.८६, विल्सन बोइट किपकेटर स्टीपलचेस (३००० मीटर अडथळ्यांची शर्यत) ७:५९.०८. कॉलेजात असताना हे पेपरात चार ओळींत वाचलं आणि आठवडाभर तेच बोलत होतो. आता मात्र नजर सारखी पुढे पळणाऱ्या पेसरवर जात होती. त्यालाच रॅबिट, म्हणजे ससा म्हणतात. आयोजक त्याला पैसे देऊन फक्त वेग लावून द्यायला उतरवतात. वारा तो खातो, वेगाचा हिशेब तो सांभाळतो, काम झालं की बाजूला होतो. मागचा नुसता त्याच्या पाठीकडे बघत पळतो. हल्ली तर ट्रॅकच्या आतल्या कडेला वेग दाखवणारे दिवेच पळतात.

त्या तीन विक्रमांचं पुढे काय झालं? २२ ऑगस्टला ब्रसेल्सला डॅनियल कोमेन १२:३९.७४. २४ ला कोलोनला बर्नार्ड बारमसाई ७:५५.७२, आणि तिथेच किपकेटर स्वतः १:४१.११. अकरा दिवसांत तिन्ही साफ. हे तिकिटं खपवायला शिजवलेले विक्रम. डेव्हिड रुडिशा २०१२ च्या लंडन ऑलिंपिकला सशाशिवाय पहिल्या पावलापासून पुढे राहून १:४०.९१ पळाला, ते आणि हे एका यादीत कसं बसतं? वेगळी वही करा.

मरीन लाइन्स स्लो

करा की. पहिल्या पानावर रॉजर बॅनिस्टरचं नाव घाला. ६ मे १९५४, ऑक्सफर्ड, मैल ३:५९.४. तीही दरवर्षीचीच मॅच होती, विद्यापीठ विरुद्ध एएए, म्हणजे हौशी ॲथलीट्सची संघटना. आधी ब्रॅशरने पुढे पळून ओढलं, मग चॅटवेने. चार मिनिटांची भिंत पाडणाऱ्याला तुम्ही दुसऱ्या वहीत टाकणार? घाला, बघू कोण वाचतं ती वही.

आणि अकरा दिवस टिकले म्हणून खोटे? त्या मोसमात सगळे एकमेकांच्या जिवावर उठले होते, म्हणून पडले. लक्ष्मीपूजनाला हजार फटाके वाजतात, त्यातला कुठला खोटा असतो?

चौथी लेन

बॅनिस्टरला मान आहेच. पण त्याचे ससे त्याचे मित्र होते, पगारी नव्हते.

मरीन लाइन्स स्लो

म्हणजे तुमचा आक्षेप सशाला नाही, सशाच्या मानधनाला. मग तसं म्हणा.

घड्याळवाले काका

मी पंचवीसेक वर्षं मुंबईतल्या मीटना टाइमकीपर होतो. फिनिशला पायऱ्यांचा स्टँड असतो, त्यावर एकाखाली एक आम्ही बसायचो. बंदुकीचा आवाज ऐकून बटण दाबायचं नाही, धूर बघून दाबायचं, आवाज उशिरा पोचतो. पहिल्या नंबराला तीन घड्याळं. तिघांची वेळ वेगळी आली तर मधली धरायची. एका मीटला धूरच दिसला नाही, काडतूस ओलं निघालं होतं. तिघांनीही आवाजावर दाबलं आणि एका पोराच्या नावावर तो कधीच पळाला नाही अशी वेळ लागली. आयोजक म्हणाले, राहू दे. राहिली.

सांगायचं काय, वही कधीच तुम्हाला वाटते तेवढी सोवळी नसते. याच झ्युरिचला २१ जून १९६० रोजी आर्मिन हॅरी १०० मीटर १०.० पळाला. सुरुवात चुकीची ठरवून ती शर्यत रद्द केली. थोड्या वेळात परत पळवलं, परत १०.०. ससा नाही, काही नाही. मीट तेच.

उडीवाली

सगळे धावण्यातच अडकलेत. पोल व्हॉल्टला कुठला ससा? येलेना इसिनबायेवा २००९ च्या बर्लिन जागतिक स्पर्धेत एकही उंची पार न करता बाहेर पडली. अकराच दिवसांनी, २८ ऑगस्टला, झ्युरिचला ५.०६ मीटर. तो विश्वविक्रम अजून कुणाला मोडता आलेला नाही. तिथे पदकाचं ओझं नसतं, प्रेक्षक कठड्याला खेटून असतात, म्हणून होतं हे. चौथी लेन, तुमचे अकरा दिवस घ्या आणि माझे अकरा दिवस घ्या.

चौथी लेन

उडीवाली, हा मुद्दा मान्य. माझं भांडण धावण्यापुरतंच.

आपल्या अविनाश साबळेचंच घ्या. ७ जुलै २०२४, पॅरिस डायमंड लीग, समोर ससा: ८:०९.९१, राष्ट्रीय विक्रम, नंबर सहावा. बरोबर महिन्याने त्याच शहरात ऑलिंपिक फायनल, ससा नाही: ८:१४.१८, अकरावा. खरा साबळे कुठला?

बीडचा, आता डोंबिवलीत

दोन्ही खरे. आणि तिसरा विसरलात. २०२२, बर्मिंगहॅम राष्ट्रकुल. ससा नव्हता, पुढे तीन केनियन. ८:११.२० पळून रौप्य, सोनं हुकलं ते ०.०५ सेकंदाने. मांडव्याच्या पोराला ससा लागतो असं कुणी म्हणू नये, डोकं फिरतं.

मरीन लाइन्स स्लो

शिवाय फुकटचा ससा आपणही झालोय. १९७६, माँट्रियल, ८०० मीटर फायनल. पहिला लॅप ५०.८५ मध्ये सगळ्यांच्या पुढे कोण? श्रीराम सिंग. त्या वेगावर स्वार होऊन क्यूबाचा हुआन्तोरेना १:४३.५० चा विश्वविक्रम करून गेला. श्रीराम सातवा, १:४५.७७. ती वेळ भारतात ४२ वर्षं कुणाला मोडता आली नाही. आता हुआन्तोरेना कुठल्या वहीत?

चौथी लेन

पहिल्याच. श्रीराम जिंकायला पळत होता, ओढायला नाही. फरक हाच तर सांगतोय.

मरीन लाइन्स स्लो

मग १९८१ ची ऑस्लोची बिस्लेट मीट सांगा. टॉम बायर्स १५०० ला ससा म्हणून उतरला. मागचे म्हणाले, जाऊ दे, दमेल. तो दमलाच नाही, थेट स्टीव्ह ओव्हेटला हरवून जिंकला. तो कधीपर्यंत ससा आणि कधीपासून धावपटू? आपल्या गोष्टीतला ससा झोपतो, इथे मागचेच झोपले.

पहाटेची पीडीपी

माझी मुलगी ८०० पळते. प्रियदर्शिनी पार्कच्या ट्रॅकवर सकाळी तिचा मोठा भाऊ पहिला लॅप ओढतो, ७२ मध्ये. मग ती २:२७ करते. एकटी पळाली की २:३४. मीटला मात्र पोरी एकमेकींकडे बघत बसतात, पुढे कुणी जायचं म्हणून. गेल्या वेळी २:४१ मध्ये दुसरी आली आणि घरी येऊन रडली, वेळेसाठी. भावाला कळेना, मेडल मिळालं तर रडते कशाला. मला विचाराल तर पाठ धरून पळणं आणि गर्दीतून वाट काढणं ही दोन वेगळी कामं आहेत. तिला दोन्ही शिकायची आहेत.

चौथी लेन

ताई, तुम्ही माझीच बाजू मांडलीत. महिलांच्या मॅरेथॉनला जागतिक संघटना दोन विक्रम वेगळे ठेवतेच, एक फक्त महिलांच्या शर्यतीतला आणि एक पुरुष सोबत असतानाचा. का? तर पुरुषांच्या मागे पळण्याचा फायदा होतो म्हणून. वेगळी वही आधीपासून आहे, मी फक्त जास्त पानं मागतोय.

पहाटेची पीडीपी

दोन्ही विक्रमच म्हणवतात ना पण.

घड्याळवाले काका

ताई, पुढचं मीट कधी आहे? घड्याळ अजून चालतं माझं.

पहाटेची पीडीपी

रविवारी सकाळी साडेसातला काका. पण तिथे फोटो फिनिश आहे.

घड्याळवाले काका

असू दे. मधलं घड्याळ म्हणून बसेन.