द्यातलोव खिंड: टॉर्च बर्फाच्या वर कसा?

रानवाटा: फेब्रुवारी १९५९. रशियातल्या उत्तर उरल पर्वतात स्कीवर निघालेले इगोर द्यातलोव आणि त्याचे आठ सोबती बेपत्ता झाले. २६ तारखेला खोलात स्याख्ल डोंगराच्या उतारावर तंबू सापडला, आतून फाडलेला. बूट आतच, पावलं खाली जंगलाकडे. २०२० मध्ये रशियाच्या सरकारी वकिलांनी त्या नऊ जणांच्या मृत्यूला हिमस्खलनाचं कारण देऊन विषय मिटवला. मला ते पटत नाही. शोधपथकाच्या जबाबानुसार तंबूवर ५-१० सेंटिमीटर बर्फ आणि त्या बर्फावर एक टॉर्च होता. टॉर्चवर बर्फ नाही. बटण दाबलं तर पेटला! वरून बर्फ कोसळला असेल तर टॉर्च त्याच्या वर कसा?

हिमकण: अहो, हिमस्खलन म्हणजे अख्खा डोंगर खाली येणं नव्हे. २०२१ मध्ये गोम आणि पुझ्रिन या संशोधकांनी गणित मांडलं. तंबूसाठी उतार कापला, वाऱ्याने वर बर्फ साचत गेला आणि साडेसात ते साडेतेरा तासांनी एक लहान लादी सुटली. आडव्या झोपलेल्याच्या बरगड्या मोडायला तेवढी पुरते. बाहेर पडल्यावर कुणीतरी टॉर्च त्या बर्फावर ठेवला असेल. बाकीचा बर्फ पुढच्या तीन आठवड्यांत वाऱ्याने नेला.

रानवाटा: आणि बरगड्या मोडलेली माणसं अंधारात दीड किलोमीटर उतरली? ठसे तर चालत गेल्याचे आहेत.

वसुधा: तुम्ही दोघंही त्या टॉर्चवर फार भार टाकताय. तंबू ज्यांना सापडला त्या मुलांनी बर्फकुऱ्हाडीने तो फोडला, सामान हलवलं. त्यांना दोष नाही, मित्रांना शोधत होती बिचारी. पण थराची जाडी आपल्यापर्यंत पोचली ती आठवणीतून. कापडाचं तसं नाही. तपास कार्यालयात गणवेशाच्या कामाला आलेल्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी तंबू पाहून आधी सांगितलं म्हणतात, की हे आतून कापलंय. मग तज्ज्ञांनाही कापडाच्या आतल्या बाजूला सुरीचे बारीक ओरखडे दिसले. तो पुरावा अजून कुणी हलवू शकलेलं नाही.

रानवाटा: टॉर्चचं मान्य, वसुधाताई. पण मेमध्ये चौघं ओढ्याच्या घळीत खोल बर्फाखाली सापडले आणि छाती-डोक्याला जबर मार लागलेले तिघं त्यांच्यातलेच. घळीतलं बर्फाचं छत कोसळून मार लागला असेल, तर तंबूवर लादी पाडायची गरज काय?

हिमकण: बरं, लादी नको. मग अशा थंडीत बूटही न घालता, आहे तो एकमेव निवारा त्यांनी का फाडला, ते सांगा.